दवाखाना कोण तपासतो?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा ज्या सरकारी रुग्णालयात होतो, तिथे गुणवत्ता तपासणीसाठी बाहेरून दोन परीक्षक आले होते. आम्ही आठवडाभर तयारी करत होतो. भिंतींना रंग दिला, नव्या पाट्या लावल्या, रजिस्टरे नीट केली. परीक्षक बाईंनी त्याकडे फारसे पाहिले नाही. त्या थेट इंजेक्शनच्या खोलीत गेल्या आणि सिस्टरना म्हणाल्या, ‘‘इंजेक्शन दिल्यावर एखाद्याला अचानक धाप लागली, अंगावर गांधी उठल्या, रक्तदाब कोसळला, तर काय कराल?’’

सिस्टरनी न अडखळता उत्तर दिले, ‘‘डॉक्टरांना हाक मारीन आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत अर्धा मिलिलिटर अ‍ॅड्रेनलिन देण्याची तयारी करीन.’’

‘‘छान. दाखवा बरं.’’

इमर्जन्सी ट्रे उघडला. अ‍ॅड्रेनलिन होते, पण त्याची मुदत दोन महिन्यांपूर्वीच संपली होती. ट्रेच्या झाकणावर ‘रोज तपासले’ असा तक्ता चिकटवलेला होता आणि त्यावर रोजची सही होती. त्यातल्या काही सह्या माझ्या होत्या.

कोणी कोणाला ओरडले नाही. परीक्षक बाईंनी त्या रकान्यात शून्य लिहिले आणि त्या पुढे गेल्या. ते शून्य मी अजून विसरलेलो नाही. त्या दोन महिन्यांत कोणाला तशी रिअ‍ॅक्शन आली नाही, हे आमचे नशीब. रुग्णाची सुरक्षितता अशी नशिबावर सोडायची नसते, म्हणून तपासणी असते.

ही तपासणी राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानकांनुसार होते. सरकारी रुग्णालयांसाठी ही मानके २०१३ मध्ये आली. प्रत्येक मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन गुण मिळतात. परीक्षक चार मार्गांनी माहिती घेतात : स्वतः पाहून, कर्मचाऱ्यांना विचारून, नोंदी तपासून आणि रुग्णांशी बोलून. चार मार्ग एवढ्यासाठी की कागद एक सांगतो आणि ट्रे दुसरेच सांगतो. प्रमाणपत्रासाठी एकूण किमान ७० टक्के गुण लागतात. ते तीन वर्षे चालते, मग पुन्हा परीक्षा.

पण आपल्यापैकी बहुतेकांचा संबंध सर्वांत आधी येतो तो कोपऱ्यावरच्या दवाखान्याशी. नवी मुंबईत कोणत्याही सेक्टरमध्ये जा. तळमजल्यावरचा गाळा, दाराबाहेर चपला, बाकावर दहा-बारा माणसे आणि आत डॉक्टर. हा दवाखाना कोण तपासतो?

आपल्याकडे नर्सिंग होम नोंदणीचा कायदा १९४९ पासून आहे. ज्या ठिकाणी रुग्ण दाखल करून घेतात, त्यांना तो लागू आहे. महापालिकेच्या हद्दीत ही नोंदणी पालिकेचा आरोग्य विभाग करतो. २०२१ मध्ये या कायद्याच्या नियमांत सुधारणा झाली. रुग्णहक्कांची सनद आणि ठरावीक सेवांचे दर दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. मात्र ज्या दवाखान्यात खाट नाही, तो या कायद्यात बसत नाही. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा अशा दवाखान्यांनाही लागू होतो, पण महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम छोट्या दवाखान्यालाही पाळावे लागतात आणि सोनोग्राफी यंत्र असेल तर त्याचा कायदा वेगळा आहे. पण औषधांची मुदत, लसींचा फ्रीज, उपकरणांचे निर्जंतुकीकरण, रिपोर्टांचा पाठपुरावा हे सगळे एकत्र बघायला नियमाने येणारे कोणी नाही.

इंग्लंडमध्ये ही व्यवस्था आहे. तिथल्या ‘केअर क्वालिटी कमिशन’कडे फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांनाही नोंदणी करावी लागते. परीक्षक पाच प्रश्न विचारतात : सेवा सुरक्षित आहे का, उपयोगी आहे का, आपुलकीची आहे का, रुग्णांच्या गरजेनुसार आहे का आणि दवाखान्याचा कारभार नीट चालतो का. शेवटी चारपैकी एक श्रेणी मिळते आणि ती दवाखान्यात लावावी लागते. तिथे केवळ स्वच्छता बघत नाहीत. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांची रक्ततपासणी वेळेवर होते का, हेही नोंदींमधून शोधतात. हे औषध आठवड्यातून एकदा घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर जिवावर बेतते.

हे सगळे मी नेरूळला दवाखाना असलेल्या माझ्या वर्गमित्राला एकदा सांगत होतो. तो म्हणाला, ‘‘मग ये की रविवारी. तपास माझा दवाखाना.’’ मी खरोखरच गेलो. लसींच्या फ्रीजमध्ये त्याचा डबा होता आणि तापमापक नव्हता. लसी २ ते ८ अंशांतच टिकतात. एकाच कुपीतून अनेकांना द्यायचे एक इंजेक्शन अर्धे वापरलेले होते, पण कधी उघडले त्याची तारीख नव्हती. रक्तदाबाचे यंत्र आणल्यापासून एकदाही तपासून घेतलेले नव्हते. कंपाउंडर वापरलेल्या सुईला दोन्ही हातांनी टोपण लावत होता. यात सुई टोचण्याचा धोका असतो आणि तो आधी त्या कंपाउंडरलाच असतो.

पण त्याच दवाखान्यात मला एक वही दिसली. तपासणीसाठी पाठवलेल्या प्रत्येक रुग्णाचे नाव, रिपोर्ट आला की नाही, बिघाड असल्यास रुग्णाला फोन केला की नाही, सगळे त्यात होते. गेली वीस वर्षे तो ती वही लिहितो आहे. आमच्या रुग्णालयात अशी वही नव्हती. मी दुसऱ्याच दिवशी सुरू केली.

डॉक्टरांना तपासणीची भीती वाटते ती ‘इन्स्पेक्टर राज’ची. फाइल घेऊन येणारा माणूस चूक शोधणार, मग चहापाणी आले. ही भीती खोटी नाही. म्हणून तपासणी करणारा त्याच कामातला जाणकार हवा, प्रश्नावली आधीपासून जाहीर हवी आणि पहिल्या चुकीला दंडाऐवजी सुधारण्याची मुदत हवी. पण भीती आहे म्हणून तपासणीच नको, हे पटत नाही. आपण बहुतेकदा अपघातानंतर जागे होतो. जानेवारी २०२१ मध्ये भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या आगीत दहा नवजात बाळे गेली आणि मग राज्यभर फायर ऑडिटचे आदेश निघाले. २००९ मध्ये गुजरातमधील मोडासा परिसरात हिपॅटायटिस बीची साथ पसरली आणि अनेकांचे बळी गेले, तेव्हा कुठे वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्या जात होत्या हे बाहेर आले.

तोवर रुग्ण म्हणून तुम्ही काय पाहू शकता? डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर असायला हवा. अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरांचा क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. सुई आणि सिरिंज तुमच्यासमोर नव्या पाकिटातून निघते का, ते बघा. वापरल्यावर सुई पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात जायला हवी, साध्या कचऱ्यात नाही. तपासण्यापूर्वी डॉक्टर हात धुतात किंवा सॅनिटायझर लावतात का? इंजेक्शन खरेच लागते का, गोळीने भागेल का, हे विचारा. इंजेक्शन घेतल्यावर लगेच निघू नका, निदान पंधरा-वीस मिनिटे बाकावर थांबा. आणि रिपोर्ट द्यायला जाणे टाळू नका. ‘काही असते तर डॉक्टरांनी कळवले असते’ हे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

हे प्रश्न विचारताना संकोच वाटतो, हे मला माहीत आहे. वर्षानुवर्षांच्या डॉक्टरांना असे कसे विचारायचे? सरळ, हसून विचारा. चांगला डॉक्टर रागावणार नाही.

आमच्या ट्रेवरचा तक्ता आम्ही त्यानंतर बदलला. आता फक्त सही चालत नाही. प्रत्येक औषधापुढे त्याच्या मुदतीची तारीख हाताने लिहावी लागते आणि तारीख लिहायची म्हणजे अ‍ॅम्प्यूल हातात घ्यावीच लागते. वर्गमित्राने तोच तक्ता मागून नेला. त्याच्या फ्रीजमध्ये आता तापमापक आहे. डबा कुठे ठेवतो, ते पाहायला पुढच्या रविवारी जाणार आहे.