स्वप्नातलं पावशेर तूप

स्वप्नात साप आला, की आमच्या हिंगोली जिल्ह्यात घरातली आजी आधी औंढ्याच्या नागनाथाला नारळ बोलते, मग चहा घेते. फ्रॉइडने आपल्या स्वप्नांवरच्या ग्रंथात सापाला पुरुषलिंगाचं चिन्ह मानलं. युंगला त्यात माणसाच्या मनाचा फार जुना, कात टाकणारा थर दिसला. पण सोयाबीनच्या सुडीखाली रोज हात घालणाऱ्या बाईच्या स्वप्नातला साप आधी खराखुरा साप असतो. आणि औंढ्याच्या भुयारी गाभाऱ्यात वाकून उतरणाऱ्याला तोच साप देव वाटतो.

दात पडण्याचं स्वप्न म्हणजे घरात कुणी जाणार, ही भीती तर घरोघरी. २०१८मध्ये इस्रायलच्या संशोधकांनी हे तपासलं. मनाच्या ताणाशी या स्वप्नाचा संबंध त्यांना आढळला नाही. आढळला तो जाग येताना दात-हिरड्या-जबड्यात जाणवणाऱ्या ताणाशी. तेव्हा आधी दातांच्या डॉक्टरकडे जावं.

स्वप्न कसं वाचावं, हे मला तुकोबांकडून कळलं. ज्यांचं जन्मगाव म्हणून आपण नरसीला जातो, ते नामदेव तीनशे वर्षांनी पांडुरंगासोबत तुकोबांच्या स्वप्नात आले. पांडुरंगाने थापटून सावध केलं आणि नामदेवांनी उरलेल्या अभंगांचं काम सोपवलं. दुसऱ्या एका स्वप्नात गुरू बाबाजी भेटले, मस्तकी हात ठेवला, जेवायला पावशेर तूप मागितलं. तुकोबांना त्याचा विसर पडला.

स्वप्नांच्या कोशात तुपाचा अर्थ समृद्धी असा मिळेल, पण त्याने इथे काहीच उलगडत नाही. पावशेर हे दुकानदाराच्या तोंडचं माप, आणि तुकोबा वाण्याचा व्यवसाय करणारे. दुष्काळात त्यांचं दिवाळं निघालं. पहिली बायको अन्न अन्न करत गेली. अशा माणसाकडे स्वप्नात कुणी जेवण मागतं आणि द्यायचं राहून जातं! मला त्या तुपात गुरुभक्तीइतकीच ती उपाशी बायको दिसते.

म्हणून कुणी स्वप्न सांगायला आलं, की अर्थ सांगण्याआधी मी विचारते: हे तुम्ही जागेपणी शेवटचं कुठं पाहिलं होतं? त्या वेळी जवळ कोण होतं? बहुतेक जण बोलता बोलता थांबतात. मग स्वप्न बाजूला राहतं आणि माणूस घरातलं काहीतरी सांगू लागतो.