मांजरसुंब्याच्या फाट्यावरची दुचाकी मंडळी

शहरात 'रायडर' म्हटलं की चामडी जाकीट, गुडघ्याला पॅड आणि रविवारी पहाटे घाट गाठणारा घोळका डोळ्यांपुढं येतो. तसली मंडळी आमच्या बीड जिल्ह्यात दिसते, नाही असं नाही. पण ती लांबच्या प्रवासाला निघालेली आणि चहापुरती थांबलेली असते. आमचा रायडर वेगळा. पुढं टाकीवर नातू, मागं बायको, तिच्या मांडीवर बियाण्याची पिशवी आणि हँडलला दुधाची किटली. मांजरसुंब्याला माझं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे आणि ही सगळी माझी गिऱ्हाइकं. यांच्या गाड्यांबद्दल मला बरंच कळतं, पण गाडी उघडी पडलेली असताना स्टुलावर बसून ते जे बोलतात, त्यातून जिल्हा जास्त कळतो.

मांजरसुंब्याला चार वाटा फुटतात. उत्तरेला घाट उतरून बीड, दक्षिणेला चौसाळ्यावरून धाराशिव-सोलापूर, पूर्वेला नेकनूर, केज आणि अंबाजोगाई, पश्चिमेला लिंबागणेशवरून पाटोदा. गाव बालाघाटाच्या डोंगरावर, त्यामुळं कुठूनही आलं तरी इंजिनाला चढ लागतोच. पहाटे दूधवाले येतात, दोन्ही बाजूंना कॅन लटकवून. नऊच्या सुमाराला अप-डाऊनवाले गुरुजी, ग्रामसेवक, बँकेचे कारकून. त्यांच्यामागं स्कूटीवरच्या आशाताई आणि अंगणवाडीच्या बाई. दुपारी खत-औषध न्यायला आलेले शेतकरी. अंधार पडल्यावर ऊसतोडीच्या टोळ्या जमवणारे मुकादम, ज्यांची गाडी दिवसभर थंड होत नाही.

बोलणं सुरू कसं होतं तेही ठरलेलं आहे. "मिस्त्री, गाडी पडली जरा, बघा बरं," म्हणून माणूस बसतो. शेजारच्या गाडीकडं बघून पहिला प्रश्न येतो, "पाव्हणं, ॲव्हरेज काय देती?" समोरचा खरं सांगत नाही, चार-पाच किलोमीटर वाढवूनच सांगतो. दुसरा प्रश्न, "तुमच्याकडं पाऊस कसाय?" इथून खरी बैठक रंगते. आमचा पाऊस असा, की लिंबागणेशला ओढा वाहतो आणि नेकनूरला धूळ उडते. मोबाईलवर अंदाज सगळ्यांना येतो, पण पेरायचं की थांबायचं हे माणसं अजून एकमेकांच्या मडगार्डचा चिखल बघून ठरवतात. डोंगरपट्ट्यातून आलेल्या गाडीला मुरमाड, तांबूस चिखल असतो. गेवराई-माजलगावकडच्या गाडीला काळी माती चिकटते आणि ती इतकी चिवट, की चाक आणि मडगार्डच्या मध्ये ठासून बसते आणि चाक फिरायचं थांबतं. म्हणून त्या भागातले लोक पावसाळ्यात पुढचं मडगार्डच काढून ठेवतात.

इतक्या दुचाक्या आल्या कुठून, असं नवी पोरं विचारतात. जुन्या काळी गावात एखादी राजदूत, येझदी नाही तर बुलेट असायची. ती सरपंचाकडं किंवा सावकाराकडं. दुधाचा धंदा पुढं बरीच वर्षं एम-८०वर चालला. १९८५ साल मात्र दोन कारणांनी मोठं. त्या वर्षी शेजारच्या औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, वाळूजमध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला. आमच्याकडची किती तरी पोरं पुढं तिथं कामाला लागली. त्याच वर्षी हिरो होंडाची सीडी-१०० आली. तोवरच्या बहुतेक गाड्या टू-स्ट्रोक. त्यांत पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकावं लागायचं, धूर व्हायचा आणि टाकी लवकर रिकामी व्हायची. फोर-स्ट्रोक इंजिनात ऑइल खाली वेगळं राहतं आणि पेट्रोल निम्म्याच्या आसपास वाचतं. कोरडवाहू शेतकऱ्याला गाडी परवडायला लागली ती या हिशोबानं. १९९४ला स्प्लेंडर आली आणि मग गावोगाव तीच झाली. अजूनही माझ्याकडं येणाऱ्या गाड्यांत तिचा नंबर पहिला. कारण साधं आहे. सत्त्याण्णव सीसीचं इंजिन, सामान कुठंही मिळतं आणि कुणीही मिस्त्री डोळे झाकून खोलतो.

गाडी घ्यायचं वर्षही पिकावर ठरतं. कापूस बरा गेला, सोयाबीनला भाव आला, मुकादमाकडून ऊसतोडीची आगाऊ उचल मिळाली, की दसऱ्या-दिवाळीला नवी गाडी दारात. बाकीचं फायनान्सवर. मग हप्त्याच्या गप्पा. वसुलीवाले कुठल्या फाट्यावर उभे आहेत, ही बातमी आमच्या रस्त्यांवर पावसाच्या बातमीहून लवकर पोचते. एक गोष्ट मात्र माणसं आवाज खाली करून बोलतात. लग्नात पोरीच्या बापानं दिलेल्या गाडीची. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा. तरी 'हौसेनं दिली' असं म्हणत गाड्या दिल्या जातात आणि त्यांचे हप्ते फेडणारा बाप पुढं माझ्याकडं स्वतःची जुनी एम-८० दुरुस्तीला आणतो.

दिवाळीच्या मागं-पुढं गॅरेजला उसंत नसते. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. सांगली, कोल्हापूर, पुणे, सोलापूर, पार कर्नाटकात. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. ट्रकमध्ये भांडीकुंडी, धान्याची पोती, लेकरं आणि सगळ्यांत वर दोरानं आवळलेली मोटारसायकल. फडापासून बाजार लांब, दवाखाना लांब, म्हणून गाडी लागतेच. तिकडं मजुरांच्या झोपड्यांपुढं, म्हणजे कोप्यांपुढं, एमएच २३ पाटीची गाडी दिसली, की बीडचा माणूस न ओळखता थांबतो. "कुठलं गाव?" एवढ्यावर ओळख निघते, कुणाची तरी मावशी कुणाच्या तरी भावकीत दिलेली असते. अंबाजोगाईकडच्या गाड्यांना एमएच ४४ आहे, कारण तिथं वेगळं परिवहन कार्यालय आहे; त्यावरून "तुम्ही चव्वेचाळीसवाले" अशी चेष्टा होते, पण परमुलखात तेवीस आणि चव्वेचाळीस एकच.

दुष्काळात तर दुचाकीच आमचा टँकर झाली. २०१२-१३, २०१५-१६, २०१८-१९. ही वर्षं इथल्या कुणालाही पाठ आहेत. सीटवर आडवी लाकडी फळी टाकून दोन्ही बाजूंना पाण्याचे कॅन बांधायचे आणि दोन-दोन खेपा करायच्या. २०१९च्या उन्हाळ्यात जनावरं चारा छावण्यांत होती. घरातला एक माणूस छावणीवर मुक्कामाला, दुसरा गाडीवरून त्याचा डबा पोचवणारा. वजनानं मागचे शॉकॲप बसायचे. त्या दिवसांत लोक नवे टाकत नव्हते, जुन्याचंच ऑइल सील बदलून द्या म्हणायचे, आणि पैसे पुढच्या पावसावर.

नवरात्रात सोलापूरकडच्या रस्त्यानं तुळजापूरहून भवानीची ज्योत आणतात. पोरं आळीपाळीनं ज्योत घेऊन पळतात, बाकीची मागं-पुढं दुचाकीवर. कार्तिकात कपिलधारच्या यात्रेला गर्दी होते. सभा-मेळाव्यांच्या रॅलीत टाकीत पेट्रोल कुणी टाकून दिलं, याची चर्चा पुढं आठवडाभर पुरते.

या सगळ्यांत एक रीत मी मनापासून मानतो. रस्त्यावर कुणी कुणाला सोडून जात नाही. साइड स्टँड वर करायचं राहिलं असेल तर समोरून येणारा चालत्या गाडीवरून ओरडतो, "ओ पाव्हणं, स्टँड!" बाईचा पदर चाकाकडं लोंबत असेल तर मागून हॉर्न देऊन थांबवतात, साडीगार्ड काढून टाकलेल्या गाड्यांत पदर अडकून किती बाया पडल्या याची मोजदाद नाही. पंक्चर झालेल्याचं चाक डबल सीट घेऊन माझ्यापर्यंत आणतात. गाडी बंद पडली तर मागचा आपला पाय तिच्या फूटरेस्टला लावून घाटातून ढकलत आणतो.

१ एप्रिल २०१७पासून नव्या दुचाक्यांचा पुढचा दिवा दिवसाही बंद होत नाही. हे माहीत नसलेले लोक पुढं वर्षानुवर्षं हाताची बोटं उघडमीट करून "लाइट चालू हाय" असं खुणावत राहिले. दिव्याला बटणच नाही हे कळल्यावर ती खूण मागं पडली.

पेट्रोलचंही तसंच झालं. पूर्वी टाकीला कॉक असायचा. गाडी गचके द्यायला लागली की कॉक फिरवायचा आणि म्हणायचं, रिझर्व्ह लागली. पेट्रोल संपलेला कुणी दिसला, की टाकीखालची नळी काढून बाटलीत पाव-अर्धा लिटर सोडून द्यायचा. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ गाड्या आल्या. कार्बोरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. आता टाकीत विजेवर चालणारा पंप असतो आणि तो पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, काटा लाल रेघेवर आणू नका. पंप जळला तर त्या पैशात कितीतरी टाक्या भरतील. या गाड्यांची नळी पूर्वीसारखी सहज निघत नाही. मग आता मदत कशी करायची? लोकांनी तोड काढली. पेट्रोल देता येत नाही म्हणून संपलेल्याला मागं बसवून पंपावर नेऊन आणतात. मिस्त्रीचाही कान पूर्वीसारखा पुरत नाही. आवाजावरून चोक आणि स्क्रू जुळवणारे आम्ही, आता स्कॅनर लावून दोष वाचतो.

सप्टेंबर २०२५मध्ये बीडला रेल्वे आली. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग, १९९५ साली मंजूर झालेला. गॅरेजात पेढे वाटले गेले आणि त्याच दिवशी एका गुरुजींनी विचारलं, "पण स्टेशनापस्तोर कशानं जायचं?" सगळे एकदम हसले. उत्तर स्टँडवर उभंच होतं.

आता जे बोलायला माझ्या गिऱ्हाइकांना आवडत नाही ते. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली चव्वेचाळीस टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती. आमच्या भागात हंगामात यातला मोठा धोका म्हणजे उसाचा ट्रॅक्टर. मागं दोन ट्रॉल्या, वर ऊस बाहेर आलेला, मागं दिवा नाही, पट्टी नाही. समोरून ट्रकचा उजेड डोळ्यांवर येतो आणि उभी ट्रॉली दिसतच नाही. डोक्याला मार लागलेला माणूस अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात नाही तर बीडला पोचेस्तोवर वेळ हातातून गेलेली असते.

हेल्मेटचा विषय काढला की बैठकीचा सूर बदलतो. "उकडतं." "केस जातात." "मागचं ऐकू येत नाही." "जवळच तर जायचंय." एक दूधवाला हेल्मेट आणतो, पण ते कॅनच्या कडीला अडकवलेलं असतं, पुढं पोलीस आहेत असं कळलं की डोक्यावर चढतं. पंक्चर झालेल्यासाठी घाट उतरून येणारी ही माणसं स्वतःच्या कवटीबाबत इतकी बेफिकीर कशी, हे मला अजून पटलेलं नाही. अपघातातल्या जखमीला दवाखान्यात नेण्याची भीती तर आता उरायला नको. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीनं १३४अ हे कलम आलं. जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, त्याला नाव सांगायची सक्तीही करता येत नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८ला फोन करा आणि थांबा, एवढंच करायचं. पण डोकं फुटल्यावर १०८ काही ते जोडत नाही.

म्हणून वाचणाऱ्यांना माझ्या मागण्या आहेत. नवी गाडी घेत असाल तर विक्रेत्याकडून हेल्मेट मागून घ्या, ते द्यायचा नियम आहे. वेगळं घेताना आयएसआयचं चिन्ह बघा. १ जून २०२१पासून त्याशिवायचं हेल्मेट विकताच येत नाही, तरी रस्त्याकडेला विकलं जातं. मागं बसणाऱ्यालाही घाला, कायद्यानं चार वर्षांवरच्या प्रत्येकाला ते लागतं, आणि हनुवटीखालचा पट्टा लावा, नाही तर ते पहिल्या आदळीलाच उडून जातं. टायर गोटा झालं असेल तर पावसाळ्याआधी बदला. आणि ट्रॅक्टरवाल्या भावांनो, ऊस निघायच्या आधी ट्रॉलीच्या मागं लाल परावर्तक पट्टी चिकटवा. माझ्याकडं आलात तर चिकटवायची मजुरी घेणार नाही.