तार ताणलेली हवी : कंट्रोल लाइन विमानाचा तोल

कंट्रोल लाइन विमान म्हणजे दोन बारीक तारांच्या टोकाला उडणारं मॉडेल. उडवणारा मधोमध उभा आणि विमान त्याच्याभोवती गोल फिरतंय. एनसीसीच्या एअर विंगमध्ये होतात त्यांनी हे पाहिलं असेल. हातातलं हँडल कललं की तारा विमानातला बेलक्रँक फिरवतात आणि बेलक्रँक शेपटीचा एलेव्हेटर हलवतो. बस, एवढंच नियंत्रण. आता तारा सैल पडल्या तर? हँडल हलेल, एलेव्हेटर हलणार नाही. म्हणून तोल साधताना पहिला प्रश्न विचारायचा तो ताणाचा.

आकडे घेऊ. विमान 1 किलोचं, तारा 18 मीटर, वेग सेकंदाला 20 मीटर. हाताला सुमारे 2.3 किलोचा ओढा लागतो. विमान डोक्यावर आलं की त्यातून त्याचं स्वतःचं वजन वजा होतं. तिथे वेग 14 मीटरवर आला, तर ओढा उरतो जेमतेम 100 ग्रॅम! विमानं पडतात ती बरेचदा इथेच.

आता तोल. आधी पुढचा-मागचा. टाकी रिकामी ठेवून विमान पंखांखाली दोन बोटांवर उचलायचं. नवशिक्याच्या विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव भागावर, किंवा किंचित पुढे हवा. टाकी रिकामी का? ती बहुधा पुढे असते, इंधन संपत जातं तसा गुरुत्वमध्य मागे सरकतो. शेपूट जड झालेलं विमान हाताच्या जरा हालचालीनं उसळतं. नाक थोडं जड असलं तर ते सुस्त होतं, पण सांभाळता येतं.

मग तारांची जागा. हवा तारांना मागे ढकलते, म्हणून त्या पंखाच्या टोकातून गुरुत्वमध्याच्या थोड्या मागून बाहेर काढतात. फार पुढून काढल्या तर नाक आत वळतं आणि ताण जातो.

शेवटी डावा-उजवा. तारांचं वजन आतल्या पंखावर येतं, त्यामुळे बाहेरच्या पंखाच्या टोकात थोडं शिसं घालतात. किती, ते उडवून ठरतं. विमान सुलटं उडवा, मग उलटं. स्वतःला जमत नसेल तर अनुभवी माणसाला उडवायला सांगा आणि तुम्ही बघा. दोन्ही वेळा बाहेरचा पंख खालीच राहिला, तर शिसं जास्त झालंय. दोन्ही वेळा आतला खाली, तर कमी पडलंय. पण सुलट्यात बाहेरचा खाली आणि उलट्यात तोच वर, असं दिसलं तर शिशाला हात लावू नका. पंखाला पीळ आहे, तो काढा.

आणि एका उड्डाणामागे एकच बदल. दोन केलेत, तर कशानं फरक पडला ते कळणारच नाही. मैदान निवडताना विजेच्या तारांपासून लांब राहा. तुमच्या हातातही धातूचीच तार आहे.