बालीच्या गावात घर घ्यायचंय? आधी जमीन कुणाची ते बघा

इंडोनेशियात परदेशी माणसाच्या नावावर जमिनीची पूर्ण मालकी होत नाही. शहरात नाही, खेड्यात नाही आणि बालीतही नाही. ‘बालीत स्वतःची जागा, भातशेतीच्या मधोमध बंगला’ अशी जाहिरात मोबाइलवर आली की आधी एवढं लक्षात घ्यायचं, किमतीची चौकशी नंतर.

२०२४ पासून बेंगळुरूहून बालीला थेट विमान आहे. त्यामुळे बेळगाव-हुबळीकडच्या माणसालाही बाली आता फार लांब वाटत नाही. तिथं आठवडाभर राहून आलेला माणूस परत येताना चलनाचा हिशोब करतो. एका भारतीय रुपयाला साधारण १८०-१९० रुपिया मिळतात, गावाकडचं खाणंपिणं स्वस्त, हवा कोकणासारखी. मग एखादा दलाल गाठतो आणि ‘अमुक आर जागा, अमुक वर्षांसाठी’ असा भाव सांगतो. हा ‘आर’ आपल्या सातबाऱ्यावरचाच. १०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास एक गुंठा. बालीत जमिनीचा भाव आरावरच बोलला जातो. माप ओळखीचं असल्यामुळे व्यवहारही ओळखीचा वाटायला लागतो. तो तसा नाही.

इंडोनेशियाचा मूळ जमीन कायदा १९६० चा. डच गेल्यानंतर जमीन परत परक्यांच्या हाती जाऊ नये, हा त्यामागचा मुख्य विचार. ‘हाक मिलिक’ म्हणजे पूर्ण मालकी, आणि ती फक्त इंडोनेशियन नागरिकाला. परदेशी माणसासाठी दोन वाटा उरतात. एक ‘हाक पाकाई’, म्हणजे वापराचा हक्क. हा सरकारी नोंदीतला हक्क असतो, मुदतीचा असतो, आणि मिळवायला तिथल्या इमिग्रेशनच्या नियमातली कागदपत्रं लागतात. किती किमतीच्या पुढचं घर घ्यायचं, हेही सरकारनं ठरवून दिलेलं आहे. दुसरी वाट ‘हाक सेवा’, साधा भाडेपट्टा. जाहिरातीतली बहुतेक घरं या दुसऱ्या वाटेवरची असतात, फक्त जाहिरातीत ‘भाडं’ हा शब्द बारीक अक्षरात असतो.

तिसरी एक वाट दलाल हळू आवाजात सांगतात. एखाद्या स्थानिक माणसाच्या नावावर जमीन घ्यायची, पैसे आपण द्यायचे, आणि बाजूला एक खासगी करार करून ठेवायचा. आपल्याकडेही शेतकरी दाखला नसलेल्यांनी दुसऱ्याच्या नावावर शेती घेतल्याचे किस्से काही कमी नाहीत, त्यामुळे ही युक्ती चटकन पटते. पण १९६० च्या कायद्याचं २६ वं कलम याबाबत स्पष्ट आहे. परदेशी माणसाला सरळ किंवा आडमार्गानं मालकी देणारा व्यवहार मुळातच रद्द, जमीन सरकारजमा, आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. ज्याच्या नावावर जमीन आहे तो उद्या वारला, त्याच्या घरात वाटणी झाली किंवा त्याचं मन बदललं, तर तो खासगी करार घेऊन कोर्टात जायची सोय नाही. कोर्टात गेलं की आपणच कायदा मोडल्याची कबुली होते.

लग्न केलं की सुटलो, असंही नाही. इंडोनेशियन मुलीशी लग्न झालं आणि मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार नसेल, तर नवऱ्याच्या परकेपणामुळे बायकोच्याच मालकीवर प्रश्न येतो. असा करार पूर्वी लग्नाआधीच करावा लागे. तिथल्या घटना न्यायालयानं २०१६ मध्ये निकाल दिल्यापासून तो लग्नानंतरही करता येतो.

गाव कसं चालतं

इंडोनेशियन भाषेत गावाला ‘देसा’ म्हणतात, म्हणजे आपला देशच. गावप्रमुख ‘कपाला देसा’, यातला कपाला संस्कृत कपाल. रहिवासी म्हणजे ‘वार्गा’, आणि किमतीला ‘हार्गा’, तो अर्घ शब्दावरून आलेला. मराठी माणसाला तिथली पाटी वाचताना मजा वाटते खरी, पण शब्द ओळखीचे आहेत म्हणून रीत ओळखीची असं नाही.

देशभरात अशी सुमारे ७५ हजार गावं आहेत. २०१४ च्या गाव कायद्यानंतर, २०१५ पासून, केंद्राचा निधी गावाला मिळायला लागला. रस्ते, गटारं, पूल, गावची दुकानदारी त्यातून होते. प्राथमिक उपचाराला ‘पुस्केस्मास’ नावाचं सरकारी आरोग्य केंद्र असतं, मोठ्या दुखण्याला जिल्ह्याच्या गावाला जायचं. दारोदार मोटारसायकल आणि स्वयंपाकघरात तीन किलोचा हिरवा अनुदानित सिलिंडर. त्याला लोक ‘मेलन’ म्हणतात, कारण तो दिसतोच खरबुजासारखा.

जावाच्या खेड्यात जमीन फार थोडी-थोडी वाटली गेलेली. २०२३ च्या शेती गणनेत देशातली निम्म्याहून जास्त शेतकरी कुटुंबं अर्ध्या हेक्टरच्या आतली निघाली. त्यामुळे पोरं मलेशिया, तैवान, हाँगकाँगला कामाला जातात आणि गावात सिमेंटचं घर उठतं ते त्या पैशावर. ईदच्या सुट्टीत सगळे गावी परततात, त्याला ‘मुदिक’ म्हणतात. पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ समाजात वडिलोपार्जित जमीन आईकडून लेकीकडे जाते आणि ती विकायला सगळ्या कुळाची संमती लागते. जावात गावप्रमुखाला पदापोटी कसायला दिलेली ‘बेंगकोक’ जमीन असते. आपल्याकडच्या पाटलाच्या वतनाशी जुळणारी ही सोय, फरक एवढाच की ती पदाबरोबर जाते, घराण्याबरोबर नाही.

बालीत आणखी एक पदर आहे. तिथं प्रत्येक ठिकाणी दोन गावं असतात: एक सरकारी, दुसरं परंपरेचं. परंपरेच्या गावाला ‘देसा आदात’ म्हणतात. अशी सुमारे दीड हजार आहेत आणि २०१९ च्या प्रांतिक कायद्यानं त्यांना अधिकृत मान्यता आहे. त्यांचे स्वतःचे लिखित नियम असतात, ‘आविग-आविग’. त्याखाली वाड्यांचे ‘बांजार’. लाकडी नगारा वाजला की बांजारातल्या प्रत्येक घरानं माणूस पाठवायचा. देवळाचं काम असो, लग्न असो की अंत्यविधी. कितीतरी घरांची राहती जागाच देसा आदातची असते. कुटुंब पिढ्यानपिढ्या तिथं राहतं, पण ती विकता येत नाही, आणि गावकीचं काम टाळलं तर हक्कावर गदा येते. देवळाच्या जमिनी वेगळ्याच. गोव्यातल्या वाचकाला इथं कोमुनिदाद आठवेल. दलाल दाखवतो ती जागा अशा गावकीच्या जमिनीत मोडते का, हे सरकारी कागदावर नेहमी कळत नाही. ते बांजारच्या प्रमुखाकडेच विचारावं लागतं.

पाणी हा तर स्वतंत्र विषय. ताबानान जिल्ह्यातल्या जातिलुविहसारख्या गावात उतारावरच्या खाचरांना पाणी मिळतं ते ‘सुबाक’ नावाच्या शेतकरी मंडळाच्या हिशोबानं. कुणाच्या शेतात कधी पाणी सोडायचं, लावणी कधी करायची, हे मंडळ ठरवतं आणि त्याचं स्वतःचं देऊळही असतं. भाताची देवी देवी स्री, म्हणजे आपली श्री. २०१२ मध्ये युनेस्कोनं ही सुबाक व्यवस्था जागतिक वारसा यादीत घेतली. पण वारसा यादीत नाव आलं म्हणून शेतकऱ्याच्या खिशात पैसे येत नाहीत. जातिलुविहचा पारंपरिक लाल तांदूळ शेतात पाच-सहा महिने उभा असतो. पोरं हॉटेलात आणि क्रूझ बोटींवर कामाला. गोव्यातून बोटीवर गेलेल्यांना विचारा, सोबतीला बालीचा एखादा पोरगा हमखास असतो. शेतावर राहतात ते वयस्कर लोक.

अशा घरात मुलीचं शिक्षण किंवा मोठा अंत्यविधी आला की रोकड लागते. शेत विकायचं नाही, कारण ते वाडवडिलांचं. मग २५ वर्षांच्या पट्ट्यावर द्यायचं आणि सगळे पैसे एकदम घ्यायचे. रक्कम भाताच्या कितीतरी हंगामांएवढी असते. अडचण नंतरची. उतारावरच्या मधल्या तुकड्यावर कुंपणाची भिंत आली की खालच्या शेताचा पाट अडतो. सांडपाणी त्याच पाटात येतं. आजूबाजूच्या जमिनीचा सरकारी दर वाढतो, तशी शेती करणाऱ्या शेजाऱ्याची पट्टीही वाढते. एकानं दिलं की दुसऱ्याला शेती परवडेना होते, हे चांगूच्या भागात डोळ्यादेखत घडलं आहे. सुपीक भातजमीन राखण्यासाठी २००९ चा राष्ट्रीय कायदा आहे, आराखड्यात हिरवा पट्टा आहे. तरी बांधकामं होतच राहिली.

पट्ट्याचा हिशोब

आता घेणाऱ्याच्या बाजूनं. केवळ हिशोबापुरतं समजा, पाच आर जागा २५ वर्षांच्या पट्ट्यानं, दर आराला वर्षाला एक कोटी रुपिया. एकूण १२५ कोटी रुपिया, म्हणजे साधारण ६७ लाख रुपये, आणि ते पहिल्या दिवशी. त्यावर घर बांधायला ८० लाख धरा. झाले १ कोटी ४७ लाख. मुदत संपली की जमीन मालकाची, आणि करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर घरही गेल्यातच जमा. म्हणजे सगळा खर्च २५ वर्षांत शून्यावर आणायचा, वर्षाला जवळपास सहा लाख. दुरुस्ती, राखणदार, कर जाऊन निव्वळ सहा लाख हातात राहिले तरच मुद्दल निघालं, व्याज सोडाच. भारतात घेतलेल्या फ्लॅटशी याची तुलना करणं चूक आहे, कारण फ्लॅटची जमीन २५ वर्षांनीही राहते. ‘पट्टा वाढवून मिळेल’ असं प्रत्येक दलाल सांगतो. वाढीव मुदतीचा दर करारात आकड्यात किंवा सूत्रात लिहिलेला नसेल, तर तेव्हाच्या भावानं मालकाची मुलं सांगतील ती रक्कम.

शिवाय घर पर्यटकांना भाड्यानं द्यायचं तर परवाना लागतो. घरगुती पाहुणचाराचा साधा परवाना इंडोनेशियन नागरिकांसाठी आहे. परदेशी माणसाला त्यासाठी तिथं कंपनी काढावी लागते, आणि अशा कंपनीसाठी १० अब्ज रुपियांच्या वर, म्हणजे आपल्या पाच कोटींच्या वर, गुंतवणूक अपेक्षित असते. पट्ट्याच्या रकमेवर १० टक्के कर जमीनमालकानं भरायचा असतो. करारात तो बऱ्याचदा भाडेकरूच्या माथी मारलेला सापडतो.

कागदात पहिला बघायचा तो ‘सर्तिफिकात’, जमीन कार्यालयाचा मालकी दाखला. जुन्या गावांत अजून ‘गिरिक’ दाखवतात. गिरिक म्हणजे कर भरल्याची जुनी नोंद, मालकीचा पुरावा नव्हे. अशा जमिनींची नोंदणी व्हावी म्हणून २०१७ पासून गावोगाव सरकारी मोजणीची मोहीम चालली आहे. दाखल्यावरचं नाव आणि समोर बसलेला माणूस एकच आहे का, भावंडांची संमती आहे का, शेतापर्यंतचा रस्ता कुणाच्या मालकीचा, आराखड्यात जागा कोणत्या रंगात आहे, हे सगळं तिथल्या नोटरीकडून तपासून घ्यायचं. हा नोटरी दलालानं सुचवलेला नको.

पैसे पाठवायचे ते बँकेतूनच. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, आणि मालमत्तेसाठी पाठवलेल्या रकमेत १० लाखांच्या पुढच्या भागावर बँक २० टक्के कर आधीच कापून घेते. विवरणपत्र भरताना तो वळता होतो, पण तोवर पैसा अडकलेला राहतो. परदेशातल्या मालमत्तेची नोंद विवरणपत्राच्या वेगळ्या परिशिष्टात दरवर्षी करावी लागते, तिथून एक रुपया भाडं आलं नाही तरी. ती राहिली तर काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो.