प्रवेशानंतरची शाळा

मालिनी चिब यांना जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. इंग्लंडमध्ये असताना त्यांच्या शिक्षणाची चांगली सोय झाली. भारतात परतल्यावर मात्र त्यांना घेणारी शाळाच सापडेना. शेवटी त्यांच्या आईने, मिठू अलूर यांनी, १९७२ मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. मालिनी पुढे सेंट झेवियर्स कॉलेजातून पदवीधर झाल्या आणि एका बोटाने टाइप करत त्यांनी आपलं आत्मचरित्रही लिहिलं. पण त्या काळात असं मूल असलेल्या किती घरांना स्वतःची शाळा काढणं जमणार होतं? बाकीची मुलं घरातच राहिली.

नेहमीच्या शाळांनी या मुलांना घ्यावं, हा विचार तेव्हा अगदीच नवा नव्हता. कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्येच तसं सुचवलं होतं आणि १९७४ मध्ये अपंग एकात्म शिक्षणाची केंद्रीय योजनाही आली. ब्रेलची पुस्तकं, श्रवणयंत्र, कुबड्या अशा साधनांनी ज्यांची अडचण कमी होत होती, त्यांची वाट त्यातल्या त्यात सोपी झाली. गतिमंद किंवा स्वमग्न मुलाला हातात देण्यासारखं असं एखादं साधन नव्हतं. त्याच्यासाठी शिकवण्याची पद्धतच बदलावी लागणार होती. १९९४ च्या सालामांका जाहीरनाम्याने नेमकं हेच जगापुढे मांडलं: मुलाने शाळेत मावायचं नाही, शाळेने मुलाला सामावून घ्यायचं.

महाराष्ट्राने एक पाऊल लवकर टाकलं, ते अध्ययन अक्षमतेच्या बाबतीत. बुद्धी उत्तम, पण वाचताना अक्षरं हुलकावणी देतात, अशा मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती देणारं हे पहिलं राज्य, साल १९९६. जादा वेळ, लेखनिक, एका भाषेतून सूट, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं गणित आणि कार्यानुभव. तपासणी आणि प्रमाणपत्रासाठी सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी पालकांची रीघ लागू लागली. २००७ मध्ये ‘तारे जमीं पर’ हा चित्रपट आला आणि वाचनातल्या या अडचणीसाठीचा डिस्लेक्सिया हा शब्द घरोघरी पोहोचला. सवलतींनी अनेकांचं दहावीचं वर्ष वाचवलं, यात शंका नाही. मात्र त्या मिळत होत्या शाळेच्या शेवटच्या टप्प्यावर, तोवर मुलाने आठ-नऊ वर्षं ‘आळशी’, ‘ढ’ हे ऐकून घेतलेलं असे.

खरी निकड होती ती त्याआधीच्या वयात, अंगणवाडीत आणि बालवाडीत. एकात्मिक बालविकास योजना १९७५ पासून गावोगाव पोहोचत होती. तरी अपंग मुलं तिच्या कक्षेबाहेरच राहिली आहेत, हे मिठू अलूर यांनी आपल्या पीएच.डी.च्या अभ्यासातून दाखवून दिलं. अंगणवाडी सेविकेला कुणी सांगितलंच नव्हतं, की चालायला-बोलायला उशीर होणारं मूलही तिचंच आहे. त्यानंतर अलूर यांच्या संस्थेने मुंबईच्या झोपडपट्ट्यांमधल्या बालवर्गांत अशी मुलं इतरांच्या मांडीला मांडी लावून बसवली.

या वयात काय करावं लागतं? उदाहरणार्थ, स्वमग्न मुलाला पुढे काय होणार हे कळलं नाही, की ते बिथरतं. मग पुठ्ठ्याच्या पट्टीवर ओळीने चित्रं चिकटवायची: दप्तर, प्रार्थना, गोष्ट, खाऊ, खेळ. एक गोष्ट झाली, की तिचं चित्र त्यानेच उलटं करायचं. दाराजवळचा गलका सहन होत नसेल, तर त्याची बसायची जागा बदलायची. सूचना एका वेळी एकच, तीही छोटी. याला फारसा पैसा लागत नाही. लागतं ते मुलाकडे बघायला सवड असलेलं, शिकलेलं माणूस.

आणि घोडं अडलं ते तिथेच. कायदे झाले: १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा, २००९ चा शिक्षण हक्क कायदा, मग स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमतेसह २१ प्रकार मान्य करणारा २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा. प्रवेश नाकारणं अवघड झालं, हा मोठाच फायदा. पण पन्नास-साठ मुलांच्या वर्गात एकट्या बाईंनी कुणाकुणाकडे पाहायचं? शहरातल्या कित्येक शाळांनी पालकांना ‘शॅडो टीचर’, म्हणजे वर्गात मुलासोबत बसणारी मदतनीस, स्वतःच्या खर्चाने आणायला सांगितलं. ज्यांना ते परवडलं नाही, त्या आया शाळेच्या आवारात बसून राहिल्या. कायद्याने मुलाला दिलेला हक्क असा पुन्हा आईच्या अंगावर येऊन पडला. हे अन्यायाचंच आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर केंद्र सरकारने २०२२ मध्ये प्रमाण ठरवून दिलं: प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढे पंधरांमागे एक. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची स्वतंत्र कार्यपद्धती जाहीर झाली. लवकर ओळखणं, बालवर्गात सामावून घेणं, गरज पडल्यास पुढे उपचारांकडे पाठवणं, हे तिच्यात आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने विशेष शिक्षकांची ४,८६० पदं मंजूर केली, म्हणजे शाळांच्या प्रत्येक केंद्राला एक. एका केंद्रात दहा-पंधरा शाळा धरल्या, तर हा शिक्षक एका शाळेत पंधरवड्यातून एकदा पोहोचणार. तो आला, की वर्गशिक्षिकेला दोन युक्त्या सांगेल, मुलाच्या शिकण्याचा आराखडा तपासेल आणि पुढच्या गावाला निघेल. मधले दिवस त्या बाईंनाच निभवायचे आहेत आणि त्यांच्या स्वतःच्या प्रशिक्षणात या मुलांच्या वाट्याला अजून फारच थोडे तास येतात.