तरंगत्या महालाचा मुदपाकखाना

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, नीस आणि कान या दोन शहरांच्या मध्ये आंतीब नावाचे जुने गाव आहे. उन्हाळ्यात तिथल्या बंदरात एकीला खेटून एक अशा पांढऱ्याशुभ्र नौका उभ्या असतात. एकेकीची किंमत ऐकली तर आपल्याला शून्ये मोजत बसावे लागेल. बंदरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर छपराखालचा भाजीबाजार भरतो. सकाळी तिथे गेले की दोन्ही हातांत पिशव्या घेतलेली, टोमॅटो दाबून पाहणारी, खरबुजाचा वास घेणारी काही माणसे दिसतात. नजर अगदी आपल्या मंडईतल्या चोखंदळ गृहिणीची! हे त्या नौकांवरचे शेफ.

समुद्रावर राहायचे, देशोदेशी फिरायचे, राहणे-जेवणे फुकट आणि पगार युरोमध्ये. हॉटेल मॅनेजमेंट शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना या नोकरीची भुरळ पडली तर नवल नाही. 2013 साली सुरू झालेल्या ‘बिलो डेक’ या अमेरिकी मालिकेने हे जग घराघरांत नेले. मात्र मालिकेत भांडणे फार आणि भांडी कमी दिसतात. खरे काम भांड्यांपाशीच असते.

भाड्याने दिल्या जाणाऱ्या नौकेवर साधारणपणे 12 पाहुणे असतात. त्याहून अधिक घेतले तर ती प्रवासी जहाज ठरते आणि तिला कितीतरी कडक नियम लागू होतात. पाहुणे येण्याआधी त्यांच्या आवडीनिवडींचा तक्ता शेफच्या हाती पडतो. एकाला शेंगदाणा चालत नाही, दुसऱ्याला मासा नको, तिसऱ्याला गव्हाचा कणही वर्ज्य. पाहुण्यांनी भाड्याच्या जवळपास तीस टक्के रक्कम वेगळी भरलेली असते. इंधन, बंदराचे शुल्क आणि खाणेपिणे त्यातूनच भागते. त्यामुळे शेफला कोथिंबिरीच्या जुडीचीसुद्धा पावती जपावी लागते. मध्यरात्री कुणाला पास्ता खावासा वाटला तर ‘स्वयंपाकघर बंद झाले’ असे म्हणायची सोय नाही.

या मुदपाकखान्याला गॅली म्हणतात. मोठ्या नौकांवर गॅसची शेगडी सहसा नसते. गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो नौकेच्या तळाशी साचतो आणि एका ठिणगीने अनर्थ होतो. म्हणून सारे विजेवर. शेगडीभोवती पातेली घसरू नयेत म्हणून कठडा, कपाटांना खिट्ट्या, परातीखाली ओले फडके. समुद्र खवळला की पातेले अर्धेच भरायचे, तळण विसरायचे आणि एक हात कायम आधाराला ठेवायचा. ज्यांना बोट लागते त्यांनी कल्पना करावी, की पोटात ढवळत असताना लसणाच्या फोडणीसमोर उभे राहायचे आहे.

भाज्या आणि फळे पुठ्ठ्याच्या खोक्यांसह आत नेत नाहीत. पुठ्ठ्यात झुरळांची अंडी असू शकतात. खोकी धक्क्यावरच रिकामी करून माल धुऊन-पुसून आत घेतात. भूमध्य समुद्रातला हंगाम सप्टेंबरच्या सुमारास ओसरला की अनेक नौका अटलांटिक ओलांडून कॅरिबियन बेटांकडे जातात. कॅनरी बेटांपासून अडीच हजारांहून अधिक सागरी मैल. ताशी बारा मैलांच्या वेगानेही नऊ-दहा दिवस लागतात आणि वाटेत एकही वाण्याचे दुकान नाही! अशा वेळी टोमॅटो घ्यायचे ते काही पिकलेले, काही निबर, काही हिरवेगार. पालेभाजी पहिल्या दोन-तीन दिवसांत संपवायची, मग फ्लॉवर, शेवटी कोबी, गाजर आणि भोपळा. कांदे-बटाटे शेजारी ठेवायचे नाहीत, हे आपल्या आजीला ठाऊक असलेले ज्ञान तिथेही उपयोगी पडते.

पाहुण्यांच्या ताटांची छायाचित्रे निघतात. पण माझ्या मते शेफची कसोटी लागते ती खालच्या मजल्यावर, खलाशांच्या जेवणघरात. साधारण 50 मीटरच्या नौकेवर दहा-बारा जणांचा कर्मचारीवर्ग असतो. पाहुणे आठवड्याने निघून जातात. ही मंडळी महिनोन्‌महिने तिथेच, दोघांत एक चिमुकली खोली घेऊन राहतात. घर दूर, कामाचे तास लांबलचक. दिवसातून दोन वेळा मिळणारे गरम जेवण हाच त्यांचा विसावा. सलग चार दिवस उरलेसुरले समोर आले की डेकवरची माणसे कुरकुरू लागतात आणि ती कुरकुर कप्तानापर्यंत पोहोचते. लहान नौकेवर पाहुण्यांचे पाच पदार्थ आणि खलाशांचे जेवण एकाच माणसाला करावे लागते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार 24 तासांत किमान 10 तास आणि आठवड्यात 77 तास विश्रांती मिळायला हवी. ऐन हंगामात ही विश्रांती कागदावर जितकी दिसते तितकी अंगाला लागत नाही.

जहाजावरचा स्वयंपाकी ही आपल्याला नवी गोष्ट नाही. ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटींवर गोव्याचे आचारी आणि वाढपी पिढ्यान्‌पिढ्या काम करत. बोटीची वाट पाहताना मुंबईत धोबी तलावाच्या आसपासच्या ‘कुडां’मध्ये ते उतरत. या कुडा म्हणजे गावागावांनी चालवलेली वसतिगृहेच. हिंदी खलाशांसाठी रांधणाऱ्याला ‘भंडारी’ म्हणत. शेफ हा शब्द पुढे आला, काम तेच.

आता आईवडिलांच्या कामाची गोष्ट. समुद्रावर नोकरी करायची तर वैद्यकीय तपासणी, आग विझवणे, जीव वाचवणे आणि प्रथमोपचार यांचे ‘एसटीसीडब्ल्यू’ प्रशिक्षण आणि ‘सीडीसी’ हे खलाशाचे पुस्तक लागते. दहा किंवा अधिक कर्मचारी लागणाऱ्या व्यापारी नौकेवर पात्र, प्रमाणित स्वयंपाकी असावा लागतो; अठरा वर्षांखालील मुलाला ते काम देता येत नाही. ब्रिटनची मुले आंतीबच्या धक्क्यावर फिरून, नौकांच्या शिडीपाशी उभी राहून काम मागतात. भारतीय पासपोर्टवर ते सोपे नाही. आधी व्हिसा हवा, आणि पर्यटक व्हिसावर नोकरी करता येत नाही. हीच अडचण दलालांच्या पथ्यावर पडते. ‘थेट नौकेवर लावतो’ म्हणत ते लाखांची मागणी करतात.

2006 चा सागरी श्रम करार भारताने 2015 मध्ये स्वीकारला. त्यानुसार नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत. पासपोर्ट, खलाशाचे पुस्तक आणि वैद्यकीय दाखला यांचा खर्च तेवढा त्याच्यावर येऊ शकतो; व्हिसाचा खर्च मालकाचा. भरती करणाऱ्या संस्थेकडे नौवहन महासंचालनालयाचा ‘आरपीएसएल’ परवाना असावा लागतो. तो आहे की नाही, हे महासंचालनालयाच्या यादीत पाहता येते. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मालकाच्या केवळ खासगी वापराच्या, भाड्याने न जाणाऱ्या नौकेला हा करार लागू होत नाही. तिथे पगार, रजा, आजारपण आणि परतीचे तिकीट सहीच्या कागदावर नीट लिहून घेतलेले बरे.

एवढे सारे पार पडले तरी कप्तान बहुधा आधी एखादा दिवस स्वयंपाक करून दाखवायला सांगतो. फ्रिजमध्ये जे असेल त्यातून, ठरलेल्या वेळेला. त्या दिवशी टेबलाशी जेवायला बसतात ते इंजिनिअर, डेकवरची मुले आणि खोल्या आवरणाऱ्या मुली.