स्केटबोर्डचं सामान दोन वर्षांनंतर : धाकट्याला काय द्यावं, काय देऊ नये?

स्केटबोर्डिंगच्या बुटांचे ऑनलाइन रिव्ह्यू वाचत असाल, तर एक गोष्ट तपासा. बूट घेतला कधी आणि रिव्ह्यू लिहिला कधी? बहुतेक जण पार्सल उघडल्यावर आठवडाभरात पाच तारे देऊन मोकळे होतात. पहिल्या आठवड्यात कुठलाही बूट छानच असतो हो! सहाव्या महिन्यात तो कसा दिसतो, ते कुणी सांगत नाही.

मी तंजावरमध्ये राहते आणि गेली दोन वर्षं आठवड्यातून चार-पाच दिवस स्केट करते. या काळात माझे चार जोड बूट झाले, बोर्डाची लाकडी फळी एकदा बदलली, चाकं एकदा बदलली, बेअरिंग तर किती वेळा उघडली त्याचा हिशोब नाही. आता माझा अकरा वर्षांचा आतेभाऊ शिकतोय आणि आत्याचा प्रश्न अगदी सरळ आहे : "तुझं सगळं सामान आहेच ना, मग त्याला नवं कशाला?" आपल्या घरांत सायकल, दप्तर, स्वेटर सगळं थोरल्याकडून धाकट्याकडे जातं. स्केटबोर्डचं सामान तसं जाऊ शकतं का? काही जातं, काही अजिबात जाऊ नये. कुठलं कसं, ते वापरून झाल्यावरच कळतं, म्हणून हा लेख.

हा खेळ आपल्याकडे नवा असला तरी अगदीच परका राहिलेला नाही. टोकियो ऑलिम्पिकमध्ये तो पहिल्यांदा आला. २०२२ च्या गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने महाराष्ट्रासाठी सुवर्णपदक आणलं. आणि आमच्या तामिळनाडूत महाबलिपुरमच्या कमली मूर्तीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. मासेमारी करणाऱ्यांच्या वस्तीतली ही मुलगी फ्रॉक घालून, अनवाणी रॅम्पवरून उतरतानाचा फोटो टोनी हॉक या जगप्रसिद्ध स्केटरने शेअर केला होता. तिच्यावरच्या 'कमली' या माहितीपटाला पुढे बाफ्टाचं नामांकन मिळालं.

"ती अनवाणी करायची, मग बूट हवेत कशाला?" असं घरी कुणी विचारलंच, तर त्यांना बोर्डाच्या वरच्या काळ्या कागदावरून एकदा बोट फिरवायला सांगा. त्याला ग्रिप टेप म्हणतात आणि तो म्हणजे सरळ सरळ सँडपेपर आहे. त्यात आमच्याकडचा एप्रिल-मेचा डांबरी रस्ता. पारा चाळिशीला टेकलेला असताना त्या रस्त्यावर अनवाणी पाय टेकवून दाखवा, मग बोलू.

बूट आधी कुठे फाटतो?

तळ आधी झिजेल असं आपल्याला वाटतं. पण 'ऑली', म्हणजे बोर्डासकट उडी, शिकायला लागलात की पुढच्या पायाच्या बुटाची करंगळीकडची बाजू आधी जाते. उडी मारताना तो भाग दर वेळी सँडपेपरवर घासत वर सरकतो. साधे कॅनव्हासचे बूट तिथे काही आठवड्यांत भोक पाडून घेतात. माझा पहिला जोड कॅनव्हासचा होता. करंगळीजवळ भोक पडलं तेव्हा दुसरा बूट जवळजवळ नव्यासारखा होता.

ही रड नवी नाही. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियात व्हॅन्स कंपनी सुरू झाली. तिच्या बुटांचा जाळीदार, चिकट तळ तिथल्या स्केटर पोरांना आवडला. पण त्यांचाही एकच बूट आधी फाटायचा. तेव्हा ती कंपनी चक्क एकेक सुटा बूट विकायची! आज कुणी तसं विकत असतं तर माझे निम्मे पैसे वाचले असते.

तर पहिला निष्कर्ष : वरचं कापड स्वेडचं घ्या. स्वेड म्हणजे आतल्या बाजूची, मऊ लव असलेली चामडी. दिसायला नाजूक, पण सँडपेपरला पुरून उरते. माझा स्वेडचा जोड जवळजवळ नऊ महिने चालला. एक अडचण मात्र आहे. स्वेडला पाणी चालत नाही आणि आमचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असतो, महाराष्ट्रातल्यासारखा जूनमध्ये नाही. त्या दिवसांत बूट भिजला तर उन्हात किंवा गॅसजवळ नेऊ नका. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा, दोन दिवस लागू द्या. घाईने वाळवलेला स्वेड पापडासारखा कडक होतो आणि घडी पडते तिथेच चिरतो.

दुसरा प्रश्न तळाचा. हे बूट साधारण दोन प्रकारचे मिळतात. एकात पातळ रबरी तळ असतो आणि त्याभोवती रबराची पट्टी चिकटवून सगळं भट्टीत भाजलेलं असतं; याला व्हल्कनाइज्ड म्हणतात. पायाखाली बोर्ड नेमका कुठे आहे ते यात छान कळतं. दुसऱ्यात तळ वाटीसारखा एकसंध असतो आणि तो बाजूने शिवलेला असतो. याला कपसोल म्हणतात. हा जाड, थोडा ताठ, पण उडीवरून खाली आल्यावर टाचेला बसणारा दणका कमी करतो.

मोठ्या शहरातल्या गुळगुळीत स्केटपार्कमध्ये जाणाऱ्यांना पहिला प्रकार आवडतो आणि ते बरोबरच आहे. पण इथे आम्ही सरावाला जातो ते अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये आणि पहाटेच्या रिकाम्या काँक्रीट गल्लीत. (पाहुणे नेहमी विचारतात, मोठ्या देवळाच्या आवारात करता का? नाही हो! ते हजार वर्षांचं जागतिक वारसास्थळ आहे आणि तिथे चपला-बूटसुद्धा बाहेर काढून जायचं असतं.) खडबडीत जागेवर पाय ओढून ब्रेक लावावा लागतो आणि पातळ तळ त्यातच संपतो. माझ्या व्हल्कनाइज्ड जोडाची बाजूची पट्टी तर स्कूटरच्या डिकीत ठेवून ठेवून सुटली. उन्हाळ्यात सीटखाली इतकं तापतं की चिकटवलेली कुठलीही वस्तू तिथे फार दिवस टिकत नाही. शिवलेला तळ टिकला. तुमच्या गावातले रस्ते आमच्यासारखे असतील तर शिवलेलाच घ्या.

बूट फाटायला लागला की लगेच फेकू नका. जुन्या बस स्टँडजवळ बसणारे एक चांभार अण्णा माझे बूट दुरुस्त करतात. त्यांनी पहिल्यांदा बूट उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "पाप्पा, हा बूट काय उंदराने खाल्ला?" मग सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा करंगळीच्या जागी चिकटवून वरून दुहेरी शिलाई घातली. तो तुकडा मूळ चामड्यापेक्षा जास्त टिकला. शिलाई तुटायच्या आत न्या, एवढंच. एकदा आतला थर फाटला की ट्यूबचा तुकडाही काही करू शकत नाही. नाडीसुद्धा त्याच जागी घासून तुटते. जास्तीची एक जोडी सोबत ठेवा.

आता आत्याचा प्रश्न. बूट धाकट्याला द्यावेत का? मुलाचा पाय वाढल्यामुळे बूट लहान झाले असतील, आणि तळ व टाच सरळ असतील, तर जरूर द्या. पण तळ एका बाजूने झिजलेला असेल तर नको. त्या बुटात पहिल्या मुलाच्या पायाचा कल बसलेला असतो, आणि बोर्डावर पाय तिरका पडला की घोटा मुरगळतो. "पुढच्या वर्षी होतील" म्हणून दोन नंबर मोठे बूट घेण्याची आपली सवय शाळेच्या बुटांना चालते, इथे नाही. सैल बुटात पाय पुढे सरकतो आणि बोर्ड मागे राहतो.

चाकं, बेअरिंग आणि रांगोळी

बोर्डाच्या चाकांवर एक आकडा असतो, ७८ए किंवा ९९ए असा. तो रबरासारख्या दिसणाऱ्या त्या पॉलियुरेथेनचा कडकपणा सांगतो. ९९ए कडक, ७८ए मऊ. तयार मिळणाऱ्या बहुतेक बोर्डांना कडक, लहान चाकं असतात. आमच्या रस्त्यावर ती दातांपर्यंत थरथर पोचवतात आणि खडा आला की जागीच थांबतात. तुम्ही मात्र थांबत नाही! मऊ आणि जरा मोठी, ५६ ते ६० मिलिमीटरची चाकं लावली तेव्हा मला खरं तर नवा बोर्ड मिळाल्यासारखं वाटलं. नवशिक्या मुलासाठी एकच सुधारणा करायची असेल तर ही करा.

बेअरिंगवर मात्र जास्त पैसे घालू नका. 'एबेक ७', 'एबेक ९' असे आकडे दाखवून महाग विकतात. हा आकडा बेअरिंग किती बारकाईने बनवलंय ते सांगतो, आणि ते मोटरसारख्या अतिवेगाने फिरणाऱ्या यंत्रांसाठी महत्त्वाचं. बोर्डावर त्याच्यावर उड्यांचे धक्के बसतात आणि त्यांचा हिशोब त्या आकड्यात नसतो. स्केटबोर्डचं बेअरिंग ६०८ या मापाचं असतं : आतलं भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. हेच माप छोट्या मोटरींत आणि ड्रिल मशीनमध्येही वापरतात. त्यामुळे गावात स्केटचं दुकान नसलं तरी मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे किंवा हार्डवेअरच्या दुकानात "६०८ द्या" म्हटलं की काम होतं. बोर्डाला आठ लागतात.

पावसाच्या साचलेल्या पाण्यातून बोर्ड गेला की आठवड्याभरात बेअरिंग कुरकुरायला लागतात. झाकण पिनेने अलगद काढायचं, पेट्रोलमध्ये बुडवून गंज आणि माती काढायची, पूर्ण कोरडं करायचं आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब टाकायचा. हे काम मोकळ्या हवेत आणि मोठ्या माणसानेच करावं, पेट्रोल लहान मुलांच्या हाती देऊ नका. खोबरेल तेल नको. घरात हाताशी असतं म्हणून सगळे तेच घालतात. पुढे ते धुळीसोबत चिकट होऊन चाक जखडतं.

आणि एक खास इकडची गोष्ट. मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून पोंगलपर्यंत, पहाटे प्रत्येक दारासमोर मोठं कोलम काढलेलं असतं. आमची सरावाची वेळही तीच. कोलमवरून चाक गेलं तर बेअरिंगमध्ये पीठ जातंच, शिवाय दारातल्या मामी जे बोलतात त्याला कुठलंही हेल्मेट पुरत नाही. तो महिना पार्किंगमध्येच काढावा.

बोर्डाची फळी सहसा मेपलच्या सात पातळ थरांची असते. ती वाकते किंवा थर सुटतात ते दमटपणामुळे. बाल्कनीत भिंतीला टेकवून ठेवू नका. कपाटाखाली आडवी ठेवा. मागचं शेपूट रस्त्यावर घासून ब्रेक लावायची सवय असेल तर ते ब्लेडसारखं धारदार होतं, आणि तसा बोर्ड धाकट्याला द्यायचा असेल तर आधी कडा पॉलिश पेपरने घासून गोल करा. थर उकललेले असतील तर चाकं, खालचे धातूचे ट्रक आणि स्क्रू काढून ठेवा आणि फक्त फळी बदला. धातूचे ट्रक वर्षानुवर्षं चालतात. खेळण्यांच्या दुकानातल्या बोर्डाचे ट्रक प्लॅस्टिकचे असतील तर तो बोर्ड कुणालाच देऊ नका.

पॅड आणि हेल्मेट

गुडघ्या-कोपराच्या पॅडचं प्लॅस्टिक नाही, इलॅस्टिक आधी मरतं. घामाने आणि दोन वर्षांच्या वापराने ते इतकं सैल होतं की उभं असताना पॅड जागेवर दिसतं आणि पडताना खाली सरकतं. पॅड घालून मुलाला सतरंजीवर गुडघ्यांवर घसरायला सांगा. सरकलं तर बदला. वेल्क्रोत अडकलेले धागे जुन्या टूथब्रशने काढले तर त्याची पकड बरीचशी परत येते. आणि मनगटाचे गार्ड विसरू नका. नवशिका माणूस पडताना हात पुढे टाकतोच, त्यामुळे मनगट मोडण्याची भीती मोठी असते.

हेल्मेटबद्दल मात्र आत्याला मी सरळ नाही सांगितलं. ते बाहेरून चकचकीत आहे, एक ओरखडासुद्धा नाही, त्यामुळे तिला ते पटायला वेळ लागला. हेल्मेटच्या आत थर्मोकोलसारखा कडक फेस असतो. डोकं आपटतं तेव्हा तो फेस चेपला जातो आणि तो धक्का स्वतः घेतो. एकदा चेपलेला फेस परत फुगत नाही. बाहेरचं कवच मात्र पुन्हा पूर्वीसारखं दिसतं. माझं हेल्मेट एकदा जोरात आपटलंय, म्हणून त्याचं काम संपलं. काही हेल्मेटं अनेक धक्के सोसतील अशा मऊ फेसाची असतात, पण तुमच्या हातातलं कुठलं ते आतल्या स्टिकरवर बघूनच ठरवा.

नवं घेताना त्या स्टिकरवर ईएन १०७८ किंवा एएसटीएम एफ१४९२ यापैकी एक खूण असायला हवी. खुणा इंग्रजी अक्षरांत असतात. स्केटर बऱ्याचदा पाठीमागे पडतो, म्हणून मागून डोकं खालपर्यंत झाकणारं हेल्मेट हवं. बाबांचं स्कूटरचं हेल्मेट लहान मुलाच्या मानेला जड होतं. कपाळावर भुवयांच्या दोन बोटं वर बसायला हवं, हनुवटीखालच्या पट्ट्यात एकच बोट जायला हवं, आणि पट्टा न लावता डोकं हलवलं तरी ते गळून पडता कामा नये.

जुनं हेल्मेट कुणाकडून घेऊही नका, कितीही जवळचं माणूस देत असलं तरी. ते किती वेळा आपटलंय हे देणाऱ्यालाही आठवत नसतं. आणि आपलं टाकून देताना पट्टे कात्रीने कापून टाका, म्हणजे भंगारातून ते पुन्हा कुठल्या मुलाच्या डोक्यावर जाणार नाही.